पळायचं नाही

बूट बांधायला वाकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी, चाफे गल्ली आणि कमानवेस, दोन्ही पेठांची माणसं जाळीपलीकडून बघत असताना, मी शाळेच्या मैदानावर मांडी घालून बसले होते आणि नवऱ्याच्या बुटाच्या नाड्या बांधत होते.

"मालन, सोड," हे तोंडातल्या तोंडात म्हणाले. "कमानवेसची माणसं बघालीत."

"बघू देत. पळायचं न्हाई एवढं कबूल करा, मग सोडतो."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'सोडतो'च म्हणतात. ह्यांनी एकदा जाळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "अगं, खेळच चालायचा हाय. पळालो तर सर शिट्टी मारतील."

"सरांच्या शिट्टीला तुम्ही कवा भिलाय?"

ह्यांनी दुसरा बूट पुढं केला. भिणार कुठून? हिंदुराव इंगवले म्हणजे एके काळी चाफे गल्ली तालमीच्या फुटबॉल संघाचा उजवा विंग. बॉल पायात आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस कॉर्नरच्या झेंड्यापाशी. माझ्या वडिलांनी स्थळ बघायला म्हणून ह्यांना कारखान्यात न जाता मैदानावर बघितलं आणि घरी येऊन एवढंच सांगितलं, की पोरगा पळतोय झकास. पळणं सोडून माणसाचं आणखी काही बघायचं असतं, हे आमच्या गावात फुटबॉलच्या दिवसांत कुणाला आठवत नाही. असा माणूस उद्यमनगरात लेथ मशीनवर उभं राहून निवृत्त झाला आणि वर्षभरात हार्टअटॅक घेऊन बसला.

तोही आम्हाला कळला नव्हता. जेवताना म्हणाले, दाढ ठणकतेय, हात पण भरून आलाय. मी दाढेत लवंग धरायला दिली. थंडीचे दिवस आणि ह्यांच्या कपाळावर घाम दरदरून फुटलेला. शेजारच्या पोस्टमननं बघितलं आणि उचलूनच नेलं, म्हणून वाचले. छातीत स्प्रिंग बसवून घरी आले, पण माणूस घरी आला असं मला काही वाटेना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, की रोज चाला, चालणं हेच औषध. हे कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जायचे आणि परत यायचे. म्हणायचे, "चालायचं म्हंजे कुठं चालायचं? फुडं काय बॉल हाय?" साखर वाढली, वजन वाढलं, बोलणं आटलं. आणि एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण मला दिसत होती. न्हाणीघरात गेले की आतून कडी लावायचे नाहीत. आत पडलो तर दार उघडायला कुणी यावं, म्हणून. वाघासारखा माणूस, त्याला कडीची भीती वाटत होती. 

मग शिकलगार सर आले. सर म्हणजे शाळेचे निवृत्त ड्रिल मास्तर, दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटलेला, पण शिट्टी गळ्यात तशीच. मुलाकडं विलायतेला जाऊन आले होते आणि तिथं साठी-सत्तरीतली माणसं चालत चालत फुटबॉल खेळतात, हे डोळ्यांनी बघून आले होते. एक पाय सतत जमिनीला टेकलेला पाहिजे. पळालं की फाऊल. बॉल कमरेच्या वर उडवायचा नाही, अंगावर जायचं नाही. हे हसले. म्हणाले, त्यापेक्षा लगोरी खेळतो. सरांनी वाद घातला नाही. बॉल आमच्या उंबऱ्यात ठेवला आणि चहा पिऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी होती.

गल्ली म्हणाली, म्हाताऱ्यांना म्हातारचळ लागलाय. लागो. पावसाळा सरेपर्यंत सगळ्यांची पोटं आत गेली, ह्यांची साखर खाली आली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. खेळून झाल्यावर वडाच्या पारावर चहा व्हायचा आणि त्या चहाला खेळापेक्षा जास्त वेळ लागायचा. तिथल्या थट्टामस्करीनं ह्यांना परत जीभ फुटली. आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर ऐकू आली, तेव्हा मला कोण बरं वाटलं. आणि एका सकाळी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी भाकरी थापता थापता थांबले.

ह्यांची भीती गेली. ती गेली कुठं, ते फक्त मला ठाऊक होतं. मी दाराबाहेर उभी राहून आत पाणी ओतल्याचा आवाज ऐकत राहिले, आणि तशीच रोज उभी राहू लागले.

मैदानावरही मी जायचे. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत गोळ्या, पाण्याची बाटली, टॉवेल, दवाखान्याची फाईल, डॉक्टरांचा नंबर. मी कडेच्या बाकावर बसायचे आणि बॉलकडं न बघता ह्यांच्या टाचांकडं बघायचे. मंडळी मला लाइनमन म्हणायची. हे चिडायचे, पण मी ऐकायचे नाही. माझा हिशेब साधा होता. हा माणूस चालतोय तोवर माझा आहे. एकदा का ह्याच्यातला तो जुना पोरगा जागा झाला आणि पळत सुटला, की संपलं.

आणि सरांना कुठली बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी कमानवेसशी मॅच ठरवली. कमानवेसच्या म्हाताऱ्यांनीही हा खेळ सुरू केला होता. सर म्हणाले, मैत्रीपूर्ण सामना. चाफे गल्ली आणि कमानवेस, आणि मैत्रीपूर्ण! आमच्याकडं त्या पेठेत पोरगी द्यायची तर आधी विचारतात, दीर कुठल्या पोझिशनला खेळतो. रविवारी सकाळी बघते तर दोन्ही पेठा जाळीपलीकडच्या पायऱ्यांवर ताशा घेऊन हजर. दोन पेठा एका ठिकाणी म्हटल्यावर शाळेच्या शिपायानं जाळीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन तो घरी नाश्त्याला गेला.

ह्यांच्यावर कमानवेसनं माणूस लावला तो केरबा सरनाईक. तरुणपणापासून हाच बॅक ह्यांच्या मानेवर बसलेला. माणूस चिवट, आणि एका कलेत पारंगत. आपला संघ पुढं असला की शेवटी शेवटी बरोबर कुठंतरी लागायचं, पोटरी धरून मैदानावर लोळायचं आणि वेळ खायचा. आमच्या पेठेत म्हणच पडली होती, केरबा आडवा, घड्याळ बघा. दोघांनी मैदानाबाहेर एकमेकांशी कधी चार शब्द बोललेले मी ऐकले नव्हते. मैदानात मात्र तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

खेळ सुरू झाला. माझे डोळे टाचांवर. सुरुवातीला सगळे शहाण्यासारखे चालत होते. मग कमानवेसचा एक गोल झाला, ताशा कडाडला, आणि आमच्या माणसांच्या चालीत फरक पडला. कुणी चालत होतं की धावत होतं, ते सांगता येईना. सरांच्या शिट्ट्या वाढल्या.  मी पिशवी मांडीवर घेतली आणि गोळ्यांची पट्टी बोटांनी चाचपून बघितली.

तेवढ्यात बॉल ह्यांच्या पुढं मोकळा घरंगळत आला. गोलकीपर भलत्याच बाजूला. चार ढांगा पळाले असते तर गोल होता. अख्खी चाफे गल्ली जाळीला चिकटून ओरडायला लागली, पळ हिंदुराव, पळ. मला ह्यांची टाच उचललेली दिसली. मी बाकावरून उठले. ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि टाच खाली टेकवली. चालत चालत बॉलपाशी पोचेपर्यंत सरनाईकांनी तो बाहेर घालवला होता. जाळीतून कुणीतरी म्हणालं, "बायकूला भ्यालं रं."

हे पाठ करून उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला खरा, पण ती पाठ बघून वाईटही वाटलं.

खेळ संपत आला आणि सरनाईक खाली बसले. आमच्याच बाकासमोर, हाकेच्या अंतरावर. कमानवेस एका गोलानं पुढं. जाळीपलीकडं चाफे गल्लीत हशा पिकला, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, केरबा आडवा. बाकी सगळे एका सुरात, घड्याळ बघा. खुद्द कमानवेसची माणसंही हसत होती. आपला माणूस अजून कला विसरलेला नाही, याचा त्यांना अभिमान वाटत असावा. शिकलगार सर हाताच्या घड्याळावर बोट ठेवून उभे. हे सरनाईकांच्या डोक्याशी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ऊठ रे नाटक्या. म्हातारा झालास, तरी खोड जाईना."

सरनाईक लोळत नव्हते. मला आधी तेच खटकलं. पोटरीही धरली नव्हती. बसले होते, आणि हात जबड्यावर. दाढ दुखल्यासारखा जबडा चोळत होते.

मी कधी मैदानात शिरले ते आठवत नाही. जवळ जाऊन बघते तर कपाळावर घाम, त्या गारठ्यात. चेहरा राखेसारखा. मी विचारलं, हात भरून आलाय का. ते माझ्याकडं बघून नुसते हो म्हणाले. कमानवेसचा माणूस चाफे गल्लीच्या बाईसमोर हो म्हणाला, तेव्हाच मी समजले.

सरांना मी सांगितलं, हे नाटक नाही. सरांनी शिट्टी खाली टाकली आणि सरनाईकांना पाठीमागून टेकू दिला. मी डॉक्टरांना फोन लावला. मी नुसतं दाढ आणि घाम म्हटलं, तर ते पलीकडून भराभर विचारायला लागले आणि पिशवीतली कुठली गोळी चावून खायला द्यायची ते सांगितलं. म्हणाले, त्यांना एक पाऊलसुद्धा चालवू नका, अँब्युलन्सची वाट बघण्यात वेळ जाईल, गाडी असेल तर मैदानातच आणा आणि थेट इकडे निघा.

गाडी होती. सरांची जुनी व्हॅन मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्या गोलाच्या मागं, लहान फाटकाबाहेर उभी होती. किल्ली तिच्यातच ठेवायची सरांची सवय. पण आणायची कुणी? जाळीपलीकडं तरणीताठी पोरं शंभर होती, त्यांच्या दाराला कुलूप, आणि ती अजून हसत होती. मैदानातले बाकीचे कुणी गुडघ्यानं गेलेले, कुणी कमरेनं. शिवाय ते सगळे नुसते बघत उभे होते, कारण केरबा खरंच आजारी पडू शकतो हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मी मान वर केली. हे समोर उभे होते. ह्यांना कळलं होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर मला आमचीच ती जेवणाची वेळ दिसली. पण पाय जागचे हलत नव्हते, आणि डोळे माझ्यावर खिळलेले. अजून माझीच परवानगी मागत होते.

"अहो, पळा," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत गिळावासा वाटला. हे वळले आणि सुटले. मी तो माणूस कित्येक वर्षांनी बघितला. मान थोडी डावीकडं कललेली, हात कोपरात दुमडलेले, पायाखालनं धूळ उडतेय. जाळीपलीकडचा हशा अर्ध्यातच थांबला. सगळं मैदान ओलांडून, आमच्या गोलापुढनं ते गेले, फाटकातून बाहेर पडले आणि भिंतीआड दिसेनासे झाले.

मग काहीच नाही.

सरनाईकांचा हात माझ्या हातात होता आणि मी फाटकाकडं बघत होते. गाडीचा आवाज येईना. मनात म्हटलं, पडले. भिंतीपलीकडं पडले आणि मीच पाठवलं. इतके महिने ज्याला पळू दिलं नाही, त्याला दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी पळवलं. गोळ्या इथं, माझ्याजवळ, आणि ते तिथं. मला उठून जायचं होतं आणि सरनाईक हात सोडत नव्हते. अंबाबाईला मी काय काय बोलले, ते तिला आणि मला माहीत. दोघांतला एक तरी ठेव, असं मी म्हणाले नाही. माझा ठेव, असंच म्हणाले. खोटं कशाला सांगू?

मोठा धक्का बसल्यासारखा आवाज झाला, लहान फाटक करकरलं, आणि व्हॅन एक आरसा मोडून आत आली. आत हे. तोंड उघडं, श्वास जोरात, पण डोळे स्वच्छ.

आम्ही सरनाईकांना मागच्या सीटवर आडवं केलं. गाडी ह्यांनीच चालवली. मी मागं सरनाईकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, पण कान पुढं होते. प्रत्येक सिग्नलला मी ह्यांचा श्वास ऐकत होते. हळूहळू तो खाली बसला, रोज खेळून आल्यावर बसायचा तसा. ह्यांनी आरशात माझ्याकडं बघून मान हलवली, ठीक आहे म्हणून.

तेवढ्यात सरनाईकांनी डोळे न उघडता ओठ हलवले. "हिंदुराव, पळालास तू."

  एवढ्या वर्षांचं वैर, आणि जाता जाता माणूस उपकार मानतोय, असं आम्हाला वाटलं. हे म्हणाले, "गप पड रं केरबा. बोलू नगंस."

वेळेत पोचलो. डॉक्टरांनी ह्यांनाही आत घेऊन तपासलं, पट्ट्या लावल्या, कागद काढला. मला म्हणाले, मैदानातला हा माणूस गेल्या वर्षीच्या माणसापेक्षा धडधाकट आहे. पण पळणं अंगवळणी पाडू नका, चालताच खेळू द्या. मग माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि म्हणाले, मावशी, तुमचं बीपी कुणी बघितलंय का? बघितलं तर ते ह्यांच्यापेक्षा वर निघालं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी मलाही बाकावरून उठवलं. टाचा बघायच्या तर मैदानाला फेऱ्या मारत बघा, म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला सरनाईकांना डॉक्टरांनी परत खेळायची मोकळीक दिली आणि राहिलेली मॅच पुरी करायचं ठरलं. या वेळी जाळीच्या दाराला कुलूप नव्हतं. मॅचपुरती मी परत बाकावर बसले होते; शेजारी सरनाईकांच्या घरच्या, हौसाक्का, येऊन बसल्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय असेल, ते विचारायची गरज नव्हती.

सरांनी बॉल मध्यावर ठेवला. सरनाईक पुढं आले, बारीक झालेले, पण तोरा तोच. म्हणाले, "सर, तितनं न्हाई. आमची फ्री किक हाय."

"कसली?"

"ह्यो पळाला हुता."

 हे आधी हसले. मग बघतात तर केरबा हसत नव्हता. तेव्हा ह्यांचं टाळकं फिरलं. "अरे, तुझ्यासाठी पळालो मी. न्हाईतर आज तुझा फोटू असता भिंतीवर."

"ते उपकार येगळे. त्ये मी मरेस्तोर फेडीन," सरनाईक म्हणाले. "पळालास का न्हाईस, तेवढं सांग. मी गाडीत बी म्हटलं हुतं तुला."

म्हणजे गाडीत, डोकं माझ्या मांडीवर आणि जीव टांगणीला असताना, हा माणूस उपकार मानत नव्हता. फाऊल मागत होता.

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, खेळ चालू होता, मी शिट्टी मारलेली नव्हती, नुसती खाली टाकली होती. नियमानं बघितलं तर पळाला असेल तर फाऊल. पण माझं लक्ष तेव्हा केरबाकडं होतं, मी काही बघितलेलं नाही. कुणी बघितलं असेल त्यानं सांगावं. चाफे गल्लीच्या एकानंही काही बघितलेलं नव्हतं. सगळे आकाशाकडं बघत होते. मग हळूहळू सगळ्यांच्या माना लाइनमनकडं वळल्या.

हे माझ्याकडं बघत होते. मी उठले.

"पळाले," मी म्हणाले. "मीच सांगिटलं हुतं."

फाऊल कुठून, यावर पुन्हा वाद झाला. सरनाईकांचं म्हणणं, पळत जिथपर्यंत गेला तिथून. पळत तर ते आमच्या गोलापुढनं गेले होते. सरांनी शेवटी कंटाळून बॉल तिथं, आमच्या गोलाच्या तोंडावर ठेवला. सरनाईकांनी तो शांतपणे जोडीदाराकडं ढकलला, जोडीदारानं जाळ्यात घातला. एका गोलानं हरत होतो, ते दोन गोलांनी हरलो. आमच्या ह्यांच्या तोंडावर मात्र असं हसू, की जणू फायनल मारली.

ताशा कडाडला आणि सरनाईकांचं भान गेलं. दोन्ही हात वर करून ते मैदानाला फेरी मारायला निघाले, आणि चालत नव्हते. सरांनी शिट्टी फुंकली. हौसाक्का पिशवी घट्ट धरून अर्ध्या उठल्या होत्या, चेहरा पांढराफटक. ती पिशवी, ते उठणं, सगळं माझ्या ओळखीचं होतं. मी त्यांचा हात धरला.

"बसा हौसाक्का," मी म्हणाले. "येतात परत."